मजकूर तिचा, सही त्याची

दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं, हे मला ब्रिस्टलला येईपर्यंत माहीत नव्हतं. तो जर्मन होता, लेखक आणि पत्रकार. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घराजवळच्या एका भिंतीवर नामवंत माणूस राहिलेल्या घरावर इथे लावतात तशा निळ्या गोल पाटीत ते लिहिलेलं आहे, तेवढं पुरे.

मी पुण्यात अकरा वर्षं जर्मन शिकवलं. सकाळी शाळेत आणि संध्याकाळी क्लासमध्ये. नवऱ्याला विमानाच्या इंजिनांच्या कामाची नोकरी इथे मिळाली आणि मी डिपेंडंट म्हणून त्याच्या मागोमाग आले. इथे शिकवायचं तर इथलंच क्वालिफिकेशन हवं, असं मला तीन शाळांनी गोड आवाजात सांगितलं. चौथ्या शाळेने घेतलं, पण जेवणाच्या हॉलमध्ये. मुलांना रांगेत उभं करायचं, सांडलेले बीन्स पुसायचे, 'सिट डाऊन, प्लीज' म्हणत फिरायचं. या कामाला इथे डिनर लेडी म्हणतात, जेवण दुपारचं असलं तरी. दीड वाजता माझी सुट्टी व्हायची आणि मग घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न असायचा.

लायब्ररीच्या फळ्यावर एक चिठ्ठी लावलेली दिसली. परिसराचा इतिहास जमवणाऱ्या एका मंडळाला जर्मन वाचणारं कुणीतरी हवं होतं. मी गेले. मंडळाचे अध्यक्ष सत्तरीचे, निवृत्त शिक्षक, नेहमी टाय लावणारे. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं की तुमचं इंग्रजी फार छान आहे. जर्मन कसं आहे ते विचारलं नाही.

त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी आली होती. ती दिली होती एका ऐंशी उलटलेल्या बाईंनी, त्या पत्रकाराच्या पणतीच्या मुलीने. बाई आयुष्यभर सुईण म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, जर्मनचा एक शब्द येत नव्हता. पेटीत कागदांचे गठ्ठे होते आणि ते कुणालाच वाचता येत नव्हते, कारण ते जुन्या जर्मन लिपीत होते. ती आज जर्मनीतल्या माणसांनाही वाचता येत नाही. आपल्याकडे पणजोबांचं मोडीतलं पत्र हातात घेऊन नातवंडं नुसती बघत बसतात ना, तसंच. त्या लिपीतला e हुबेहूब n सारखा दिसतो, u च्या डोक्यावर एक छोटी कमान असते, ती राहिली की सगळा शब्दच बदलतो. मला ही लिपी पुण्यातल्या माझ्या जर्मनच्या बाईंनी शिकवली होती. परीक्षेत नव्हती, तरी शिकवली. त्या म्हणायच्या, छापलेलं काय, कुणीही वाचेल.

मंगळवार आणि गुरुवार दुपारी मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसायला लागले. एकेक कागद वाचायचा, जर्मन टाईप करायचं, खाली इंग्रजी भाषांतर करायचं, फाइल अध्यक्षांना पाठवायची. दीड वर्ष हे चाललं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी त्या माणसाच्या प्रेमातच पडले होते.

तो एका छोट्या गावातल्या छापखानेवाल्याचा मुलगा. ऐन पंचविशीत त्याने स्वतःचं साप्ताहिक काढलं. सरकारी सेन्सॉर त्यातल्या ओळी कापायचा. तिथे दुसरं काहीतरी भरून टाकण्याऐवजी हा ती जागा कोरी सोडायचा, म्हणजे काय कापलं ते नाही तरी किती कापलं ते वाचणाऱ्याला दिसावं. पुढे तिकडे क्रांती झाली, ती फसली, छापखाना जप्त झाला. बायको आणि दोन मुलं घेऊन तो स्वित्झर्लंडमार्गे इंग्लंडला पळून आला. ब्रिस्टलमध्ये व्यापाऱ्यांच्या मुलींना जर्मन शिकवायचा आणि तिकडच्या एका दैनिकाला इंग्लंडहून पत्रं लिहायचा. गोदीतल्या, कारखान्यांतल्या साध्या माणसांबद्दलची पत्रं. त्यावर त्याचं तिकडे मोठं नाव झालं. परदेशात येऊन आपलीच भाषा दुसऱ्यांना शिकवत बसणारा माणूस मला जवळचा वाटला, यात नवल नाही. मला तर तेही करायला मिळत नव्हतं.

तिसऱ्या गठ्ठ्यात अक्षर बदललं.

त्याचं अक्षर पुढे झुकलेलं, घाईचं. हे अक्षर सरळ उभं, h ची शेपटी लांब ओढलेली. दैनिकाला पाठवायच्या पत्रांचे हे कच्चे खर्डे होते. मी म्हटलं, बायकोने नक्कल केली असेल. पण त्यात खाडाखोड होती. नक्कल करणारा माणूस चुकतो तेव्हा ओळ गाळतो, नाहीतर एकच शब्द दोनदा लिहितो. तो शब्द निवडत बसत नाही. इथे, साखर शुद्ध करायच्या कारखान्यातून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या मजुरांबद्दल लिहिताना तिने आधी 'दमलेले' असं लिहिलं होतं. ते खोडून 'भाजलेले'. तेही खोडून 'शिजलेले'. त्या कारखान्यांत पुष्कळ मजूर जर्मनच असायचे, उकळत्या कढयांपाशी उघड्या अंगाने उभे राहायचे. त्यांच्या बायका दाराशी डबे घेऊन थांबायच्या, आणि ती त्यांच्यातच उभी राहून बघत होती. डबा घेताना नवऱ्याच्या हाताची कातडी कशी चिकट लागते, हे एका मजुराच्या बायकोने तिला सांगितलेलं त्यात होतं. हे कुणी टाय लावलेल्या पत्रकाराला सांगत नसतं.

पुढच्या आठवड्यात मला तिच्या बहिणीचं पत्र सापडलं, जर्मनीहून आलेलं. त्यात लिहिलं होतं की तो अंथरुणाला खिळला आहे आणि गेली दोन पत्रं, साखर कारखान्याचं धरून, तूच लिहून पाठवलीस, हे वाचून मला धडकी भरली, पण मी कुणाला सांगणार नाही. वर्षभरानंतरच्या दुसऱ्या पत्रात विचारलं होतं की आता तो हिंडूफिरू लागला आहे तर अजून तूच का लिहितेस. मी खुर्चीवरून उठले आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले. मग बसून मोजलं. तिच्या अक्षरातली, खाडाखोडीसकट, अकरा पत्रं होती. सगळ्यात गाजली होती ती हीच. छापून आली तेव्हा खाली सही त्याची. तो बरा झाल्यावरही त्याचीच.

मी अध्यक्षांना भेटायला गेले. दोन्ही अक्षरांच्या फोटोकॉपी शेजारी शेजारी ठेवल्या.

"बायकोने लिहून घेतलं असेल," ते म्हणाले. "त्या काळी सगळ्याच बायका ते करायच्या."

"लिहून घेताना कुणी एक शब्द तीनदा बदलत नाही."

"तो अंथरुणावरून सांगत असेल, तोच बदलत असेल."

"मग हे बहिणीचं पत्र?"

त्यांनी माझं भाषांतर पुन्हा वाचलं, चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला. "हे बघा, ही घरगुती पत्रं आहेत. बहिणीबहिणींचं बोलणं. याच्यावर इतिहास लिहीत नाहीत. तुमची मेहनत अमूल्य आहे, पण हे स्पेक्युलेशन झालं. आणि पाटीची परवानगी त्याच्या नावाने आलेली आहे."

"तुम्ही ही लिपी वाचली आहे का?" मी विचारलं.

"नाही. म्हणूनच तुम्ही आहात ना," ते हसून म्हणाले.

मी बाहेर पडले. बस आली, गेली, मी चढले नाही. टेकडी चढत चालत घरी आले. अकरा वर्षं ज्यांना मी शिकवलं त्यातलं एखादं पोर जरी असं बोललं असतं तरी मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथे मी 'थँक यू' म्हणून उठले होते. त्याचा राग सगळ्यात जास्त होता.

रविवारी मी हे नवऱ्याला पुन्हा सांगत होते. तो ओट्यापाशी उभा राहून लसूण सोलत होता. चौथ्यांदा ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "एक विचारू? तू नक्की कुणासाठी चिडली आहेस? तिच्यासाठी की स्वतःसाठी?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुला इथे कुणी जर्मनची शिक्षिका म्हणून ओळखत नाही. तो राग तू त्या म्हाताऱ्यावर काढते आहेस असं मला वाटतं. सोडून दे ना. आपल्याला इथे राहायचंय."

मी हातातली कढई खाली ठेवली आणि बाहेर जाऊन दुपारभर बागेतलं गवत उपटलं. तो चुकीचं बोलला होता असं मला म्हणता येईना, म्हणून मी जास्त चिडले. ज्याला लोक दिवसभर त्याच्या हुद्द्याने हाक मारतात त्याला 'सोडून दे' म्हणणं सोपं असतं. संध्याकाळी मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "हे मात्र खरं आहे." त्या दिवसापुरतं तेवढंच झालं.

पुस्तिका वसंतात छापून आली. चाळीस पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर त्याचा दाढीवाला फोटो. आतली भाषांतरं माझी होती, शब्दन् शब्द. एके ठिकाणी मी घाईत 'गोदाम' लिहिलं होतं आणि नंतर 'तबेला' असं सुधारून पाठवलं होतं. पुस्तिकेत गोदामच होतं. म्हणजे त्यांनी माझी दुसरी फाइल उघडूनही पाहिली नव्हती. शेवटच्या पानावर, हॉल दिल्याबद्दल लायब्ररीचे आभार, बिस्किटांबद्दल आणखी कुणाचे आभार, आणि भाषेच्या बाबतीत साहाय्य केल्याबद्दल 'एका स्थानिक महिलेचे' आभार. बायकोचा उल्लेख एका ओळीत. ती त्याच्यासोबत इंग्लंडला आली, म्हणे, आणि तिने त्याचे कागद नीट जपून ठेवले.

प्रकाशनाच्या आधी अध्यक्षांचा फोन आला. "शनिवारी तीन वाजता. नक्की या. आणि येताना समोसे आणाल का? सगळ्यांना फार आवडतील."

मी उभ्या जन्मात समोसे केलेले नाहीत. "मी फक्त कागद आणते," मी म्हणाले.

शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती, बहुतेक पिकलेली. पहिल्या रांगेत पेटीवाल्या बाई, काठी मांडीवर आडवी घेऊन. अध्यक्षांनी छान भाषण केलं. आवाज चांगला होता त्यांचा. कोऱ्या जागांबद्दल बोलले, अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याबद्दल बोलले. मग म्हणाले, आता त्याच्या लेखणीची ताकद बघा, आणि साखर कारखान्याचा उतारा वाचला. 'शिजलेले' या शब्दापाशी थांबले, मान वर केली आणि म्हणाले, "हा एक शब्द लिहायला त्या दाराशी उभं राहावं लागतं. तो तिथे उभा होता."

प्रश्न विचारायला सांगितल्यावर मी उठले.

"तो तिथे उभा नव्हता," मी म्हणाले. "तो घरी अंथरुणावर होता. दाराशी त्याची बायको उभी होती. हा शब्द तिचा आहे. तिने आधी दोन शब्द लिहून खोडले, मग हा लिहिला. त्या कागदाची फोटोकॉपी माझ्याकडे आहे. ज्या महिलेचे तुम्ही शेवटच्या पानावर आभार मानलेत, ती मी. या पुस्तिकेतलं सगळं मी मूळ अक्षरात वाचलं आहे, तुमच्यापैकी कुणीही वाचलेलं नाही."

अध्यक्ष म्हणाले, "आमच्या व्हॉलंटिअरचा उत्साह आपण सगळ्यांनीच—"

"माझं बोलून झालं नाही," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून अगदी वर्गातल्या आवाजात निघालं. "सेन्सॉरने कापलेल्या ओळींसाठी तो जागा कोरी ठेवत होता. बायकोसाठी त्याने तेवढीही जागा ठेवली नाही. आणि आज तुम्हीही ठेवली नाहीत. आता बोलून झालं."

मी बसले. कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळ बघून चहाची घोषणा केली. चहाच्या टेबलापाशी एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की तुम्ही फार धीट आहात, आणि मग मूळच्या कुठल्या तुम्ही, असं विचारलं. बाकी कुणी आलं नाही. पेटीवाल्या बाई माझ्याकडे न बघता टॅक्सीत बसून निघून गेल्या. मला वाटलं, झालं, त्यांनाही मी दुखावलं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "ते बहिणीचं पत्र मला वाचून दाखवशील का, माय लव्हर?" ब्रिस्टलच्या म्हाताऱ्या बायका कुणालाही असं म्हणतात, अगदी भाजीवाल्यालासुद्धा.

मी गेले. त्यांच्या छोट्या फ्लॅटमध्ये, खिडकीशी बसून मी दोन्ही पत्रं आधी जर्मनमध्ये वाचली, कारण त्यांना ती कशी ऐकू येतात ते ऐकायचं होतं, आणि मग इंग्रजीत.

"आमच्या घरात तिला रडूबाई म्हणायचे," त्या शेवटी म्हणाल्या. "माझी आजी तिची नक्कल करायची. इंग्रजी शिकली नाही, दिवसभर रडका चेहरा करून टेबलाशी बसून कागदावर रेघा ओढायची, चूल विझली तरी लक्ष नसायचं, असं सांगून आम्हाला हसवायची. आम्ही हसायचो." थोड्या वेळाने त्यांनी एक शिवी दिली. ती त्यांच्या आजीला होती, का त्याला, का स्वतःला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंडळाकडून पेटी परत मागवली. पेटी आली तेव्हा त्यात एक गठ्ठा असा निघाला की जो मी कधीच पाहिला नव्हता. वर अध्यक्षांच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी होती, 'व्यावसायिक पत्रव्यवहार'. कागदांवरचा छापील मथळा बघून तो महत्त्वाचा असावा म्हणून त्यांनी स्वतःकडे ठेवला होता आणि वाचता येत नसल्यामुळे तसाच ठेवला होता.

त्यात दैनिकाच्या संपादकाची पत्रं होती. शेवटचं तिच्या नावे होतं, नवरा गेल्यानंतरचं. तिने बहुधा विचारलं होतं की ही पत्रं मी पुढे लिहू का. संपादकाने दुःख व्यक्त केलं होतं. मग लिहिलं होतं की तुमच्या पतीची लेखणी गेल्या काही वर्षांत विशेष परिपक्व झाली होती, त्यामुळे त्यांची जागा दुसरं कुणी घेऊ शकणार नाही. मात्र इंग्रजी घरांतल्या स्वयंपाकाबद्दल काही लिहायची इच्छा असेल तर जरूर कळवावं.

हे मी बाईंना तोंडी भाषांतर करून सांगितलं. मी पत्र खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर मी तो दीडशे वर्षांचा कागद फाडला असता.

"मग तिने काय केलं?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. त्यानंतर तिच्या अक्षरातला एकही कागद नाही."

उन्हाळ्यात आम्ही दोघी पेटी घेऊन दप्तरखान्यात गेलो, जिथे शहराचे जुने कागद जपतात. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. कागद कुणाचे, या रकान्यात एकच नाव मावत होतं. मुलगी म्हणाली, जो मुख्य लेखक असेल त्याचं घाला, बाकीचे वर्णनात येतील. बाईंनी पेन घेतलं आणि बायकोचं नाव लिहिलं, तिचं माहेरचं आडनाव मला विचारून, त्यासकट. मी त्याच्या पत्रांचं काय म्हणून विचारलं. "वर्णनात येतील," त्या म्हणाल्या. ट्रान्सक्रिप्ट कुणी केलं, या रकान्यात मी माझं नाव घातलं आणि खाली 'जर्मनची शिक्षिका' असं लिहिलं. जेवणाच्या हॉलमधलं काम अजून चालूच आहे, पण त्यांनी नोकरी विचारली नव्हती.

पुस्तिकेची दुसरी छपाई निघाली तेव्हा अध्यक्षांनी त्यात एक तळटीप घातली. काही पत्रांच्या लेखनात पत्नीचाही सहभाग असू शकेल, असं काहींचं मत आहे. मी ती प्रत लायब्ररीतच उभ्याउभ्या वाचली. 'असू शकेल' आणि 'काहींचं'. खिशात पेन होतं. मी दोन्ही शब्दांवर काट मारली, वर लिहिलं, 'होता' आणि 'माझं', आणि प्रत शेल्फवर ठेवून दिली. लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये, हे मी अकरा वर्षं मुलांना सांगितलं आहे. त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटलं नाही.